पायावर खाजरे बारीक फोड : कशाने येतात, काय लावावं?

सायली_ठाणे
नवऱ्याच्या दोन्ही पायांना, तळव्याच्या आतल्या कडेला, कमानीपाशी बारीक बारीक फोड येतात. वर उठून दिसत नाहीत, कातडीच्या आत भिजलेला साबुदाणा बसवल्यासारखे दिसतात. खाज भयंकर. रात्री पाय एकमेकांवर घासत असतो, त्यात माझीही झोप मोडते. मग फोड सुकतात, कातडी सोलते आणि शेजारी नवीन हजर. उन्हाळ्यात कमी असतं, पाऊस लागला की जोर धरतं. यंदा हाताच्या बोटांच्या कडांनाही तसलेच आलेत, म्हणून जास्त काळजी वाटतेय.

झालेले उपाय : कोपऱ्यावरच्या केमिस्टने एक ट्यूब दिली, ती लावेपर्यंत छान वाटलं, थांबवल्यावर दुपटीने आलं. फॅमिली डॉक्टर ॲलर्जी म्हणाले, सेटिरिझिन दिली. तिने झोप लागते, फोड तिथेच. सासूबाईंच्या मते उष्णता, त्यामुळे रोज सकाळी सब्जाचं पाणी.

नोकरी फिरतीची, दिवसभर बंद बूट. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, तिला लागेल का हे? स्किनवाल्यांची अपॉइंटमेंट घेतलीये, पण ती पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर तुमचे अनुभव सांगा.

टवाळ_टिंबू
सब्जाचं पाणी पायाला लावायचं असेल. सासूबाईंना परत एकदा विचारून घ्या.

निवांत_नाना
चिखल्या. दुसरं काही नाही. रात्री मेंदी भिजवून लावा, सकाळी धुवा. आमच्या पिढीने ट्यूब पाहिल्या नव्हत्या.

रानफूल
नाना, चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात हो, तळव्याच्या कडेला नाही. आमची मुरबाडकडे भातशेती आहे. लावणीला बाया दिवसदिवस चिखलात वाकलेल्या असतात. बेचक्यातली कातडी पांढरीफटक पडते, भेगाळते, चालताना आग होते. मेंदी आमच्याकडेही लावतात, पण लावणीला उतरायच्या आधी, कातडी धड असताना. फुटलेल्या कातडीवर लावली की काय होतं ते नानांनी एकदा करून बघावं. आणि कोनातली काळी मेंदी तर कुणीच नको. त्यात केसांच्या डायमधलं रसायन घालतात, त्यानेच फोड उठतात.

सायली, तू सांगतेस ते मला वेगळं वाटतंय.

मृण्मयी_के
अगदी माझंच वर्णन! पॉम्फोलिक्स म्हणतात याला, इसबाचाच प्रकार. मला तळहात आणि तळवे दोन्हीकडे होतं. घाम, ताण, हवाबदल, काहींना निकेलची ॲलर्जी, अशी बरीच कारणं सांगतात. पेपर तपासायचे गठ्ठे घरी आले की माझ्या बोटांना आधी कळतं.

मला डॉक्टरांनी थोडे दिवस स्टिरॉइड मलम दिलं आणि ते कसं बंद करायचं तेही लिहून दिलं. नंतर रोज जाड मॉइश्चरायझर, अंघोळीनंतर लगेच. फोड टाचणीने फोडायचे नाहीत, त्यात पू होतो. लस वाहत असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात पाय बुडवून बसायचं. खडे पूर्ण विरघळवून घे, एखादा तसाच कातडीला लागला तर भाजतं. नखं आणि बादली तपकिरी होतात, त्याची तयारी ठेव.

संसर्गजन्य अजिबात नाही, मुलीची काळजी सोड.

चष्मिष
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

त्वचेकरी
बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण सायली, अपॉइंटमेंटच्या आधी एवढं बघून ठेवा. ट्यूबवर कोणकोणती औषधं छापली आहेत? पायाच्या शेवटच्या दोन बोटांमधली बेचकी फाकवून बघितली का? पायाची नखं पिवळी, जाड, ठिसूळ झाली आहेत का? घरात आणखी कोणाला खाज आहे का?

मृण्मयी, तुमचं वर्णन चोख आहे, फक्त "संसर्गजन्य अजिबात नाही" हे पॉम्फोलिक्स ठरल्यानंतरचं वाक्य. तळव्याच्या कमानीवर थेट असेच फोड बुरशीनेही येतात आणि नुसत्या डोळ्यांनी आम्हीही फसतो. म्हणून कातडी खरवडून बघायची. ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात काचपट्टीवर ठेवली की पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू उरलेले दिसतात. स्वस्त तपासणी आहे, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी निकाल मिळतो. खरवडायच्या आधी काही दिवस कुठलंच बुरशीनाशक लावायचं नाही, नाहीतर असलेली बुरशीही सापडत नाही.

गावरान_गोडबोले
इतकं कशाला? बिब्बा तापवून चटका द्या. आमच्या आजीने कुरुपं अशीच घालवली.

रानफूल
गोडबोले, कृपा करून असले सल्ले देऊ नका. बिब्बा उतला की काय होतं ते मी शेजारच्या काकूंच्या पायावर बघितलंय. टाचेच्या भेगेत तेल भरलं, तर घोट्यापर्यंत पाय सुजला, फोडांतून पाणी वाहायला लागलं, डाग अजून आहेत. कुरूप म्हणजे जाड मेलेली कातडी. इथे आधीच चिडलेली ओली कातडी आहे.

गावरान_गोडबोले
प्रमाणात वापरला तर उतत नाही.

रानफूल
प्रमाण किती ते सांगा मग.

सायली_ठाणे
किती पटापट उत्तरं! ट्यूब बघितली. बारीक अक्षरात : क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. नखं ठीक वाटतात. मला नि मुलीला खाज नाही. बेचकी नवरा घरी आला की बघते, तो आज नाशिकला आहे.

टवाळ_टिंबू
आघाडी सरकार दिसतंय. टिकणार नाही.

त्वचेकरी
टिकत नाहीच. त्यात एक तीव्र स्टिरॉइड, दोन जंतुनाशकं आणि एक बुरशीनाशक आहे. "इसब असो, जंतू असो, बुरशी असो, काहीतरी लागू पडेल" या हिशेबाने बनवलेलं मिश्रण. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सर्वांत तीव्र म्हणता येईल असं. ते लालसरपणा आणि खाज लगेच दाबतं, म्हणून रुग्ण खूश. पण त्वचेची प्रतिकाराची ताकदही दाबतं, म्हणून बुरशी असेल तर ती आत निवांत पसरते. थांबवलं की दुपटीने वर येते, तीही मूळचं रूप बदलून. गजकर्णाचं कडं दिसत नाही, नुसतेच लाल चट्टे. जांघेत महिनोन्महिने लावणाऱ्यांच्या कातडीवर तर गरोदरपणासारखे पट्टे कायमचे उमटतात.

भारतात गेली काही वर्षं गजकर्ण इतकं चिवट का झालंय, त्यामागे ही मिश्रणंही आहेत. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी २०२० मध्ये वेगळी म्हणून नोंदली गेली, जपानमध्ये, भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिनला दाद न देणारे तिचे नमुने भरपूर सापडतात. ती पायापेक्षा जांघेत आणि अंगावर जास्त आढळते, पण "नेहमीच्या ट्यूबने गेलं नाही" याचं उत्तर कधीकधी तिथे असतं. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कोपऱ्यावर काय चालतं ते तुम्ही बघताच.

निवांत_नाना
डॉक्टरसाहेब, हे सगळं ऐकायला बरं. स्किनवाल्याची फी, वर तपासण्या, वर तीन मलमं. केमिस्ट ऐंशी रुपयांत सोडवतो. गावात तर स्पेशालिस्ट नाहीच. माणूस दुसरं काय करणार?

वऱ्हाडी_ठेचा
नानांचा मुद्दा बरोबर आहे बाप्पा. पण जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात चर्मरोगाची ओपीडी असते, केसपेपर काढा आणि बसा. रांग लांब राहते, अर्धा दिवस जाते, पण खरवडून तिथंही बघतात.

माझा स्वतःचा किस्सा वेगळा आहे. सोयाबीनच्या निंदणाला गेलो की घोट्यापासून पोटरीपर्यंत खाज आणि पुरळ. आम्हाला वाटे खत उतते. शेवटी निघालं गाजर गवत. त्याच्या नुसत्या बारीक कणांनी होते, फुलोऱ्यात आलं असलं की जास्त. काहींच्या तर तोंडावर, मानेवर येते. आता लांब पँट, गमबूट आणि घरी आल्याबरोबर साबणाने पाय धुणं. पाठीवर चिकटपट्ट्या लावून टेस्ट करतात, त्यात सापडलं.

चष्मिष
काँग्रेस गवत ना? ते पुण्यातच पहिल्यांदा लक्षात आलं म्हणे, परदेशी गव्हाबरोबर आलेलं.

वऱ्हाडी_ठेचा
हो, १९५०च्या दशकात. पुण्याने देशाला दिलेली देणगी.

पेठेतला_पुणेकर
आम्ही काही दिलेलं परत घेत नाही.

चष्मिष
आता माझा अनुभव. होस्टेलवर असताना पायांवर, बोटांच्या सांध्यांत, मनगटावर, कमरेला पुळ्या. दिवसा सहन व्हायची, रात्री पांघरुणात शिरलं की खाजेने वेड लागायचं. खरूज निघाली. चौघांच्या खोलीत तिघांना. चौथा म्हणाला, मला काही नाही, मी लावणार नाही. त्याच्याकडूनच पुन्हा आली!

पर्मेथ्रिन ५ टक्के, रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीसुद्धा, सकाळी अंघोळ. आठवड्याने परत एकदा. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री. चादरी-कपडे गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते पिशवीत आठवडाभर बांधून. महत्त्वाचं म्हणजे किडे मेले तरी खाज दोन-तीन आठवडे राहू शकते. तेवढ्यात लोक घाबरून परत परत मलम लावतात आणि कातडी जाळून घेतात.

त्वचेकरी
चष्मिष, उत्तम. एक जोडतो : मोठ्या माणसांत खरूज सहसा तळव्यांना सोडते, तान्ह्या बाळांत मात्र तळवे-तळहातांवरच आधी फोड दिसतात. बाळाच्या तळव्याला पुळ्या असतील तर आईच्या बोटांच्या बेचक्या बघाव्यात.

गोयंकार_बाय
आमच्याकडे किनाऱ्यावर येणाऱ्यांचा एक वेगळाच प्रकार बघायला मिळतो. माझा भाचा सुट्टीत येऊन दिवसभर अनवाणी वाळूत लोळला. घरी गेल्यावर तळव्याला एक खाजरी पुळी, आणि मग त्या पुळीतून नागमोडी लाल रेघ निघाली. रोज सकाळी रेघ थोडी पुढे गेलेली! बहीण रडकुंडीला आली. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून वाळूत पडणाऱ्या अंकुशकृमीची अळी ती. माणसाच्या कातडीतून खोल जायचा रस्ता तिला सापडत नाही, म्हणून वरच्या वर फिरत राहते. बऱ्याचदा आपणहून मरते, पण तोवर खाज कोण सोसणार? आयव्हरमेक्टिन दिलं, रेघ थांबली. कोरड्या, सावलीतल्या वाळूत अनवाणी बसण्यापेक्षा भरती जिथवर धुऊन जाते तिथे बसलेलं बरं, आणि खाली चटई टाकायची.

निवांत_नाना
हे वाचून नारू आठवला. वडिलांच्या पोटरीला त्याची खूण होती. आधी फोड, खाज, आग, मग फोड फुटून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत न्यायचा. तुटला की पाय हलायचा नाही. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरायचे, तिथूनच पसरायचा. आताच्या पोरांना नाव माहीत नाही.

मृण्मयी_के
नाना, हे तुम्ही खरंच बघितलंय? देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, राजस्थानातला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. शाळेत हे शिकवताना मुलांना थापा वाटतात. एकदा वर्गात येऊन सांगा ना.

निवांत_नाना
बोलवा. चहा लागेल.

कोल्हापुरी_ठसका
माझं कारण चप्पल निघालं बगा. रबरी स्लीपरचा पट्टा जिथं बसतोय बरोबर तिथंच पुरळ, दोन्ही पायांवर इंग्रजी व्ही काढल्यागत. लई खाज. वर्षभर मलमं लावली, कुणी चप्पल काढ म्हटलं नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पायापेक्षा चप्पल आधी बघितली. रबर टिकाऊ करायला घालतात त्या रसायनाची ॲलर्जी. चामड्याचीही असू शकते म्हणाल्या, क्रोमियमनं कमावलेलं असलं तर.

आता घालतोय आमची कोल्हापुरी, बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेली. २०१९ ला जीआय म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही!

पेठेतला_पुणेकर
पावसात कोल्हापुरी घालून दाखवा, मग जीआयचं बोलू.

कोल्हापुरी_ठसका
पावसात हातात घेऊन चालतो. तेवढी किंमत आहे तिची.

बे_एरियातली_काकू
आमच्याकडे घोट्याभोवती तीन-तीन पुळ्यांचे घोळके यायला लागले. मोज्याच्या वर नाही, खाली नाही, तेवढ्याच पट्ट्यात. मला वाटलं, घर बदललं, पाणी मानवलं नाही. आधीच्या भाडेकरूंच्या मांजरीच्या पिसवा कार्पेटमध्ये राहिल्या होत्या! घरमालकाने उपचार करून घेतल्यावरच थांबलं. लहान मुलांना असे चावे जास्त भोवतात. नवीन चावा बसला की जुन्या सुकलेल्या पुळ्याही परत फुगतात, माझ्या नातवाचं तसंच व्हायचं.

इथे स्टिरॉइड मलम दुकानात मिळतं ते सौम्य, हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का. क्लोबेटासोल चिठ्ठीशिवाय नाहीच. पण स्किन डॉक्टर भेटेपर्यंत ऋतू बदलतो, ते वेगळं.

शिंदे_सरकार_मुंबई
मुंबईकरांसाठी एक. बेचक्या फुटलेल्या असतील तर तुंबलेल्या पाण्यातून शक्यतो चालू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू अशाच भेगांतून शिरतात. २००५ च्या २६ जुलैनंतर आमच्या चाळीतच दोघे ॲडमिट होते. नाइलाजाने पाण्यातून यावं लागलं तर घरी येऊन पाय धुवा आणि डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. ताप आला तर अंगावर काढू नका.

सायली_ठाणे
बेचकी बघितली. उजव्या पायाच्या करंगळीशेजारी कातडी पांढरी, ओली, सोललेली, वास येतोय. म्हणतो, "ते तर कॉलेजपासून आहे, ते खाजत नाही म्हणून सांगितलं नाही." काय बोलणार!

रानफूल
सगळे नवरे एकाच शाळेतले.

त्वचेकरी
ही महत्त्वाची खूण आहे. ती ट्यूब आता बंद करा, दुसरंही काही लावू नका. धुऊन, बेचकीपर्यंत कोरडं करून तसेच जा. ट्यूबचं खोकं बरोबर न्या.

सायली_ठाणे
जाऊन आलो. मॅडमनी पायाच्या बेचकीतून, तळव्यावरून आणि हाताच्या बोटावरून वेगवेगळं खरवडलं. पायाच्या दोन्ही नमुन्यांत बुरशी, हाताच्या नमुन्यात काहीच नाही! म्हणजे हातावरचे फोड बुरशीचे नाहीतच. पायातल्या बुरशीविरुद्ध शरीर चिडतं आणि त्याची प्रतिक्रिया लांब हातावर उमटते. आयडी रिॲक्शन म्हणाल्या. पाय बरे झाले की हात आपोआप जातील.

पायाला बुरशीनाशक मलम, चट्टे दिसेनासे झाल्यावरही आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं. स्टिरॉइडची ट्यूब बंद. मलमाने पुरेसं झालं नाही तर गोळ्यांचं बघू म्हणाल्या, त्याआधी यकृताची तपासणी. सुती मोजे दिवसातून दोनदा बदलायचे, बुटांचे दोन जोड आलटून पालटून, ओला बूट दुसऱ्या दिवशी घालायचा नाही. टॉवेल आणि पायपुसणं वेगळं, आणि मुलीला बाबांच्या चपला घालून घरभर फिरू द्यायचं नाही, हा तिचा आवडता खेळ.

टवाळ_टिंबू
आयडी रिॲक्शन? म्हणजे मूळ दुखणं एकीकडे आणि बोंब मारायला ड्यूआयडी (त्याच माणसाचं दुसरं, खोट्या नावाचं खातं) दुसरीकडे. या साइटला केव्हापासून आहे.

मृण्मयी_के
टिंबू :-) सायली, बरं झालं तपासून घेतलंस. मी पण पुढच्या वेळी पाय खरवडून घेणार आहे, माझं तर कधी कोणी बघितलंच नाही.

चष्मिष
बुटांच्या आतलं काय करायचं? बुरशी त्यातच असेल ना?

त्वचेकरी
आतले तळ काढून कडक उन्हात, पावसाळ्यात पंख्याखाली. वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तरी ओल ओढली जाते. बुरशीनाशक पावडर बुटात आणि मोज्यात टाकता येते. फार जुने, आतून फाटलेले बूट टाकून द्या.

निवांत_नाना
एक विचारतो. माझ्याही बेचकीत भेग आहे, चालताना चुरचुरते. शुगर आहे, पंधरा-वीस वर्षं झाली. दोन दिवसांपासून पाऊल जरा लाल आणि गरम वाटतंय. मलम कोणतं लावू?

त्वचेकरी
नाना, यावर मलम विचारू नका. शुगर असताना बेचकीच्या भेगेतून जंतू शिरून पायभर पसरू शकतात. लाली आणि गरमपणा ही त्याचीच लक्षणं असू शकतात. सोमवारची वाट बघू नका, आजच दाखवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा म्हणजे ती पुढे सरकली का ते डॉक्टरांना कळेल. थंडी-ताप आला तर थेट हॉस्पिटल.

रानफूल
नाना, घरी कोण आहे? एकटे जाऊ नका.

निवांत_नाना
नातू आहे. गाडी काढतोय. पण त्या पायाला काल मेंदी लावली आहे, रेघ दिसायची नाही.

त्वचेकरी
मेंदी संपते तिच्या वर लाली दिसत असेल तर तिथे मारा, नाहीतर राहू द्या. घासत बसू नका. शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.